कॅनमधली वाईन, महिन्याची पेटी आणि विकायचा अधिकार : सिंधुदुर्ग किनाऱ्यावरचं एक प्रकरण

हे प्रकरण मालवण आणि वेंगुर्ल्याच्या दरम्यानच्या किनाऱ्यावर घडलं. कोकणातल्या छोट्या घरगुती उद्योगांना हिशेब आणि परवान्यांच्या कामात मी मदत करतो, त्यामुळे ते जवळून पाहता आलं. संबंधितांची परवानगी घेऊन लिहितोय. गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरगुती निवास चालवणाऱ्या बाईंना इथे ताई, त्यांच्या मावसभावाला भाऊ आणि तालुक्याच्या गावातल्या वाईन शॉपच्या मालकांना काका म्हटलं आहे.

ते सविस्तर मांडण्याचं कारण म्हणजे वाईनचे कॅन घालून महिन्याची पेटी घरपोच विकायची, ही कल्पना पर्यटनावर जगणाऱ्या आपल्या पट्ट्यात दर हंगामात कोणाला तरी नव्याने सुचते. कल्पना चांगली आहे. ती कुठे अडते हे मात्र पैसे गुंतवल्यावरच कळतं.

पार्श्वभूमी

ताईंचं निवास-न्याहारीचं घर आहे, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. त्याच्या जोडीला गावातल्या बचत गटाच्या बायका आमसुलं, आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ, तिरफळं, काजूगर असा माल तयार करतात आणि मुंबई-पुण्याच्या वर्गणीदारांना दर महिन्याला त्याची पेटी कुरिअरने जाते. हा धंदा व्यवस्थित चालला होता. वर्गणीदारांपैकी बरेच जण मूळचे इथलेच चाकरमानी, काही एकदा राहून गेलेले पाहुणे.

कॅनचा विचार आला तो बाटल्यांमुळे. हंगामात पर्यटक किनाऱ्यावर बाटल्या नेतात, फोडतात, काचा वाळूत राहतात. पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं त्याच वाळूत अनवाणी उभी असतात. काच लागून पाय चिरल्याचे प्रकार गावात झाले होते, आणि त्यावरून पाहुणे ठेवणाऱ्या घरांना चार शब्द ऐकावेही लागले होते. ॲल्युमिनियमचा कॅन फुटत नाही आणि रिकामा झाला तरी भंगारवाला पैसे देऊन नेतो. शिवाय ७५० मिलीची बाटली दोघांना संपत नाही. उरलेली वाईन दुसऱ्या दिवशी उतरलेली असते आणि आमच्याकडच्या दमट उकाड्यात तर लवकरच.

भाऊ पुण्यातल्या एका हॉटेलात पेयविभाग सांभाळून परत आला होता. सुला, फ्रातेल्ली यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी कॅनमध्ये वाईन आणल्याचं त्याने पाहिलं होतं. त्याला या विषयातलं खरोखर कळतं. कोकणी जेवणाबरोबर वाईन म्हटलं की लोक लाल वाईन मागतात, पण तिच्यातला तुरटपणा तिखटाबरोबर आणखी बोचरा लागतो. त्याउलट नाशिककडची शेनिन ब्लां ही किंचित गोडसर पांढरी वाईन तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याबरोबर छान जाते, आणि तळलेल्या सुरमईबरोबर थंड बुडबुड्यांची वाईन. त्याने ताईसमोर योजना ठेवली : दर महिन्याला २५० मिलीचे चार वेगवेगळे कॅन, त्यांच्याशी जुळणारा बचत गटाचा खाऊ, सोबत पाककृतीचं कार्ड. वर्षाची वर्गणी आगाऊ.

त्याच्या आत्मविश्वासाला एक आधारही होता. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. वाईन आता तेल-साखरेच्या शेजारी मिळणार, असं वातावरण होतं. पुढे विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, लोकांकडून हरकती मागवल्या गेल्या आणि निर्णय अमलात आलाच नाही. भाऊच्या डोक्यात मात्र बातमीचा पहिला भागच राहिला.

अडचण कुठे उभी राहिली

ताईंनी आपल्या जुन्या वर्गणीदारांना विचारलं. चाळीसेक जणांनी होकार दिला आणि पैसेही पाठवले. ते ताईंच्या उद्योगाच्या खात्यात जमा झाले. मग माल कुठून घ्यायचा हे ठरवायला दोघं काकांच्या दुकानात गेले. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "माल माझो, लायसन माझा, मगे पैशे तुझ्या खात्यात कित्याक?"

सगळ्या प्रकरणाची गाठ या प्रश्नात होती. मद्य हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो आणि आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. कायद्याच्या नावातच बंदी आहे. म्हणजे मूळ नियम मनाईचा, आणि ज्याला परवाना दिला त्याला त्या परवान्यापुरती सूट. विनापरवाना विकलं, विकत घेतलं किंवा जवळ बाळगलं तर कलम ६५ (ई) लागतं. पोलिसांच्या बातम्यांत आपण ते नेहमी वाचतो, पण ते गावठी दारूच्या भट्टीलाच लागतं असा आपला समज असतो. ताईंनी घेतलेले पैसे खाऊचे किती आणि वाईनचे किती, हे पावतीवर वेगळं नव्हतं. कागदावर पाहणाऱ्याला ती मद्याची आगाऊ विक्रीच दिसली असती.

दुसरी अडचण पोहोचवण्याची. टपालाने मद्य पाठवता येत नाही, आणि ताईंच्या नेहमीच्या कुरिअरवाल्यानेही साफ नाही सांगितलं. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्याने परवानाधारक दुकानांना घरपोच मद्य द्यायला मुभा दिली होती, भाऊ त्याचा दाखला देत होता. पण ती मुभा दुकानाला होती, आणि ग्राहकाकडे मद्यसेवनाचा परवाना असेल तरच. सिंधुदुर्गातल्या पेटीने दादरला जाण्याशी तिचा संबंध नव्हता.

तिसरी बाब किमतीची. कॅनवर छापील कमाल किंमत असते आणि त्यावर एक रुपया जास्त घेता येत नाही. भाऊने पेटीच्या हिशेबात प्रत्येक कॅनवर आपल्या निवडीचा मोबदला धरला होता. तो धरायला जागाच नव्हती. नफा निघणार असेल तर तो खाऊतून.

आणि चौथी अडचण घरातली म्हणावी अशी. बचत गटाच्या बैठकीत ताईंनी योजना सांगितली तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग गटातल्या सगळ्यात वयस्क बाई म्हणाल्या, "आमचा नाव सोऱ्याबरोबर नको." सोरो म्हणजे दारू. त्या गटातल्या दोन-तीन घरांनी दारूपायी काय भोगलंय हे सगळ्या गावाला माहीत आहे. राज्यात बायकांच्या मतदानाने 'आडवी बाटली' करून दुकानं बंद झाली आहेत, आणि आपल्या गावात तसं व्हावं असं बोलणाऱ्या बायका याच गटात होत्या. हा विरोध मागासलेपणाचा आहे, असं भाऊ रागात म्हणाला. मला तसं वाटत नाही. वाईन आणि गावठी यात फरक आहे हे खरं, पण नाव कोणाच्या शेजारी छापलं जावं हे ठरवायचा हक्क माल करणाऱ्यांचा आहे.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय गोव्याचा, आणि तो सगळ्यात मोहाचा. बांद्यापलीकडे गेलं की वाईन स्वस्त आणि दुकानं रस्तोरस्ती. तिकडे एक खोली घ्यायची, पेट्या तिथे भरायच्या, असं भाऊच्या एका मित्राने सुचवलं. पण गोव्याचा माल म्हणजे गोव्याचं शुल्क भरलेला माल. तो परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हाच. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर राज्य उत्पादन शुल्क विभाग काय पकडतो हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला माहीत आहे. ताईंनी हा विषय पहिल्या दिवशीच बंद केला. "माझ्या घरावर पाटी आहे, पाहुणे येतात, मला रात्री झोप लागली पाहिजे," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसरा पर्याय स्वतःचा परवाना घेण्याचा. वाईन शॉपचे नवे परवाने राज्याने १९७० च्या दशकात थांबवले. त्यानंतर जुने परवाने हस्तांतराने फिरत राहिले आणि त्यांची किंमत या दोघांच्या आवाक्यातली नव्हती. बिअर शॉपीचा परवाना निघू शकतो, तिथे वाईनही विकता येते. पण त्यासाठी नियमात बसणारी जागा, दरवर्षीचं शुल्क आणि रोज उघडं ठेवायचं दुकान हवं. चाळीस वर्गणीदारांसाठी दुकान काढणं हिशेबात बसत नव्हतं, आणि गावातल्या बायकांसमोर ते काढणं ताईंना पटत नव्हतं.

तिसरा पर्याय, वाईन सोडून द्यायची. आगळाचं सरबत, जांभळाचा रस, आवळ्याचं पेय अशी बिनमद्याची पेटी करायची. गटाला तो आवडला. पण भाऊचं ज्ञान ज्यात होतं तेच त्यातून वगळलं जात होतं, आणि बाटल्यांच्या काचांचा प्रश्न जिथल्या तिथे राहत होता.

चौथा पर्याय काकांच्या प्रश्नातूनच निघाला. पेटीचे दोन भाग करायचे. खाऊ ताईंचा, तो कुरिअरने जाईल, पैसे ताईंना. वाईन काकांच्या दुकानातून, ग्राहकाने स्वतः येऊन घ्यायची, पैसे आणि बिल काकांकडे. निवड भाऊची.

या पर्यायात गमावण्यासारखं पुष्कळ होतं. वर्गणीदाराला जे हवं होतं, घरी बसून महिन्याला एक नवलाई, तेच यात उरत नव्हतं. दोघांनी त्यावर आठवडाभर वाद घातला. शेवटी ताईंनी वर्गणीदारांची यादी काढली आणि कोण वर्षातून किती वेळा गावी येतं हे प्रत्येकासमोर लिहिलं. यादी वाचल्यावर वाद संपला. निम्मे लोक मे महिना, गणपती, शिमगा आणि दिवाळीनंतर असे तीन-चारदा इकडे येतच होते.

प्रत्यक्षात काय केलं

आधी पैसे परत केले. ताईंनी प्रत्येकाला फोन केला, संदेश पाठवून भागवलं नाही. वाईनचा भाग परत मिळेल, खाऊची पेटी हवी असेल तर चालू राहील, असं सांगितलं. काही जण नाराज झाले. एकाने "आमच्या सोसायटीत सगळं घरपोच येतं" असं सुनावलं.

मग मी दोघांना घेऊन राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात गेलो. तोंडी ऐकून परत न येता, आम्ही काय करणार आणि काय करणार नाही हे एका पानावर लिहून दिलं. भाऊ दुकानात बसून ग्राहकाला सल्ला देणार, तर तो दुकानाचा नोकर म्हणून दाखवावा लागेल, म्हणून काकांनी त्याचा नोकरनामा काढायला अर्ज केला. त्याला काकांकडून ठरावीक पगार मिळतो. कॅनमागे दलाली ठेवली नाही, कारण त्यातून पुन्हा 'कोण विकतंय' हा प्रश्न उभा राहिला असता.

ताईंच्या पानावरचे वाईनचे फोटो काढून टाकले. मद्याच्या जाहिरातीला हा कायदा मनाई करतो आणि घरगुती उद्योगाचं समाजमाध्यमावरचं पान म्हणजे खासगी गप्पा, असं समजणं धोक्याचं आहे. खाऊच्या पेटीतल्या कार्डावर आता फक्त पाककृती असते. तिखल्याबरोबर काय प्यावं हे भाऊ दुकानात, विचारणाऱ्यालाच सांगतो. घरगुती निवासात कॅनचा साठा ठेवायचा नाही, हेही ठरलं. पाहुण्याने आपल्यापुरतं आणलं तर ते त्याच्या परवान्यावर. दुकानात एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, वर्षाचा शंभरात. एकवीस वर्षांखालच्याला वाईन द्यायची नाही, यात काका आधीपासूनच कडक होते.

महिन्याचा हिशेबही मोडला. आमचं वर्ष महिन्यांनी चालत नाही. पावसात पाहुणे नाहीत. श्रावणात निम्मी घरं मासे आणि मद्य दोन्ही सोडतात, मग गणपती. ऑक्टोबर ते मे हाच हंगाम. म्हणून बारा पेट्यांऐवजी हंगामाचे चार संच ठरले, प्रत्येक संचात चार कॅन, कागदी पिशवीत, छापील किमतीला.

कॅनच्या आकारावरही चर्चा झाली. काही कंपन्यांचे कॅन ३३० मिलीचे असतात. लोक कॅन हातात आला की त्याला बिअर समजून पितात. १२ टक्के अल्कोहोलच्या २५० मिली वाईनमध्ये ३० मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या ६५० मिली बिअरमध्ये साडेबत्तीस. म्हणजे एक छोटा कॅन जवळजवळ बिअरच्या मोठ्या बाटलीइतका. तो पिऊन संध्याकाळी समुद्रात उतरणारा माणूस डोळ्यांसमोर आणला की आकार लहान का हवा हे कळतं. भाऊ प्रत्येक ग्राहकाला हे हिशेबासकट सांगतो आणि पोहायला जाणार असाल तर कॅन परत आल्यावर उघडा, असंही.

निष्पत्ती

पहिला संच गांधी जयंतीला जोडून आलेल्या सुट्टीत विकायचा ठरवला होता. २ ऑक्टोबरला दुकानं बंद असतात हे काकांना माहीत होतं, त्यांनी गृहीत धरलं की बाकीच्यांनाही माहीत असेल. पाहुणे आले, दुकान बंद, संच आत. त्यानंतर भाऊने कोरड्या दिवसांचं कॅलेंडर भिंतीला लावलं, निवडणुकीच्या मतदानाआधीच्या बंदीसह.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र मोठा फटका बसला. एका पांढऱ्या वाईनच्या कॅनमधून सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला. पहिल्यांदा वाटलं एखादा कॅन खराब असेल, मग तीन-चार ग्राहकांनी तेच सांगितलं. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वाईन टिकावी म्हणून तिच्यात सल्फर डायऑक्साइड घालतात. बाटलीत तो निरुपद्रवी. कॅनमध्ये आतून प्लास्टिकसारखं पातळ अस्तर असतं, पण या वायूचे मोकळे रेणू ते हळूहळू पार करतात, ॲल्युमिनियमशी त्यांची क्रिया होते आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यावर सविस्तर काम झालं आहे. तिथल्या संशोधकांचा भर वाईनरीने भरतानाच हे प्रमाण कमी ठेवण्यावर आणि योग्य अस्तर निवडण्यावर आहे. उष्णतेने आणि काळाने ही क्रिया वाढते. काकांच्या गोदामाला पत्र्याचं छप्पर. आणि कॅनच्या तळावरची भरल्याची तारीख पाहिली तेव्हा कळलं की माल आला तेव्हाच तो भरून बरेच महिने झाले होते.

वाईनरीने तो माल बदलून दिला. काकांनी साठा पत्र्याखालून काढून आतल्या सिमेंटच्या खोलीत हलवला, खोके जमिनीवर न ठेवता फळीवर. खाऱ्या दमट हवेत पुठ्ठा ओला झाला की कॅनला बाहेरूनही गंज धरतो, ही गोष्ट त्यांनी आपल्या सोड्याच्या कॅनवरून आधीच ओळखली होती.

हंगाम संपताना स्थिती अशी होती : खाऊच्या पेटीचे पंचवीसेक वर्गणीदार टिकले. त्यातले दहा-बारा जण गावी आले की संच घेतात. पण कोणी न धरलेली गोष्ट अशी झाली की वर्गणीशी काही संबंध नसलेले पर्यटक संच घेऊ लागले, कारण किनाऱ्यावर न्यायला तो सोयीचा. काकांची वाईनची विक्री वाढली, भाऊचा पगार सुरू राहिला. ताईंना वाईनमधून एक पैसाही मिळत नाही, खाऊतून मिळतो. भाऊच्या मूळ योजनेच्या मानाने हे उत्पन्न फारच कमी आहे आणि त्याला त्याची खंत आहे. किनाऱ्यावरच्या काचा संपल्या नाहीत. बिअरच्या बाटल्या आहेतच.

वेगळं काय करता आलं असतं

पैसे घेण्याआधी काकांकडे जायला हवं होतं. ज्याच्याकडे परवाना आहे त्या माणसाला योजनेत शेवटी आणलं गेलं. वास्तविक तो पहिला हवा होता, कारण विकण्याचा अधिकार फक्त त्याच्याकडे होता. चाळीस जणांना फोन करून पैसे परत करण्यात ताईंची जी पत खर्च झाली ती वाचली असती.

बचत गटाला विचारणं तर त्याही आधी. बायकांचा नकार ऐकल्यानंतर पेटीचे दोन भाग करणं सोपं गेलं, हे लक्षात घ्या. कायद्यामुळे जे करावं लागणारच होतं, तेच त्या वयस्क बाई एका वाक्यात सांगत होत्या. गटाचं नाव आणि वाईन वेगळी ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

भाऊने चवीवर जितका वेळ दिला त्याच्या चौथा हिस्सा कॅनच्या तळावर आणि गोदामावर द्यायला हवा होता. कोकणात उन्हाळ्यात पत्र्याखाली काय तापतं हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. निवडीच्या उत्साहात ते मागे पडलं. एखादा खोका आधी आणून, दोन महिने त्याच गोदामात ठेवून, मग उघडून पाहिला असता तर ग्राहकाच्या आधी वास त्याला आला असता.

एका निर्णयाबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. घरपोच हवं असणाऱ्या मुंबईकरांना त्यांच्या भागातल्या एखाद्या परवानाधारक दुकानाशी जोडून देता आलं असतं का? भाऊ म्हणतो, आलं असतं. ताई म्हणतात, जे दुकान मी पाहिलं नाही त्याच्या मालाची जबाबदारी माझ्या नावावर नको. मार्चमधल्या वासाच्या अनुभवानंतर ताईंचं पारडं जड वाटतं, पण एखादा वेगळा उद्योग हे नीट करारावर बसवू शकेल.

पुढच्या हंगामाची तयारी सुरू आहे. मागणी अनंत चतुर्दशीनंतर नोंदवायची, भरून तीन महिन्यांपेक्षा जास्त झालेला माल उतरवून घ्यायचा नाही, आणि प्रत्येक खेपेतला एक कॅन काकांनी आणि भाऊने दुकान बंद झाल्यावर ग्लासात ओतून हुंगून बघायचा, असं तिघांनी लिहून ठेवलं आहे. पहिला संच ३ ऑक्टोबरला दुकानात लागेल.